टीव्ही घेताय? आधी वाचा

मंडळी, हा धडा टीव्हीविषयी आहे.

"टीव्हीचं काय शिकायचं? बटण दाबलं की लागतो!" असे कोणी म्हणेल. खरे आहे. टीव्ही लावायला शिकावे लागत नाही. पण टीव्ही घ्यायला शिकावे लागते. आणि घेतलेला टीव्ही घरात नीट नांदवायला तर त्याहून जास्त शिकावे लागते.

आमच्या संध्याकाळच्या वर्गाला एक बाई येतात. वय पन्नाशीच्या पुढे. शेतावर मजुरीला जातात. सारे त्यांना काकू म्हणतात. आपणही काकूच म्हणू. दोन वर्षांपूर्वी काकू अंगठा उठवत. आता त्या सही करतात. एसटीची पाटी वाचतात. अक्षराला अक्षर जोडून वर्तमानपत्राचा मथळाही वाचतात.

एके दिवशी वर्ग सुटला तरी काकू बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, उद्या तालुक्याला येता का? नवा टीव्ही घ्यायचाय. पोरगा म्हणतो त्रेचाळीस इंची घेऊ. हप्त्यानं मिळतो, व्याज नाही म्हणे."

मी विचारले, "पैसे किती साठलेत?"

"बचत गटाचे सोळा हजार. त्यातले तीन हजार नातीच्या शाळेसाठी आहेत. त्यांना हात लावायचा नाही."

"म्हणजे टीव्हीसाठी तेरा हजार. मग उद्या नको, परवा जाऊ. उद्या तुमच्या घरी भिंत मोजू."

काकू हसल्या. "टीव्ही दुकानात, आणि मोजायची भिंत?"

होय. पहिली गोष्ट हीच.

आधी भिंत मोजा

टीव्हीचे माप इंचात सांगतात. बत्तीस इंच, त्रेचाळीस इंच, पंचावन्न इंच. हे माप रुंदीचे नाही आणि उंचीचेही नाही. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरली, तर तिची जी लांबी भरेल ते टीव्हीचे माप. पुष्कळांना हे ठाऊक नसते. मग बत्तीस इंची टीव्ही घरी आला की वाटते, दुकानदाराने लहान दिला!

बत्तीस इंची टीव्हीचा पडदा सुमारे २८ इंच रुंद आणि १६ इंच उंच असतो. त्रेचाळीस इंची टीव्हीचा पडदा सुमारे साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच असतो. खोक्यावर माप सेंटिमीटरमध्येही लिहिलेले असते. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. बत्तीस इंच म्हणजे सुमारे ८१ सेंटिमीटर. खोक्यावर बहुधा ८० लिहिलेले आढळते.

आम्ही जुनी वर्तमानपत्रे घेतली. एक तुकडा २८ बाय १६ चा कापला. दुसरा साडेसदतीस बाय २१ चा. दोन्ही भिंतीवर चिकटवले आणि घरची मंडळी रोज बसतात तिथे जाऊन बसलो. काकूंची खोली लहान. भिंतीपासून बसायच्या जागेपर्यंत अंतर सहा फूट भरले.

लहान कागद सहज नजरेत मावला. मोठा कागदही पाहता येत होता. पण तो लावला तर देवाचा कोनाडा झाकला जात होता आणि कपाटाचे दार अर्धेच उघडत होते. काकूंच्या मुलाने स्वतः दार उघडून पाहिले. मग तोच म्हणाला, "आई, बत्तीसच बरा."

पाहा, यासाठी कोणी भाषण दिले नाही. वर्तमानपत्राच्या कागदाने काम केले. बत्तीस इंचीसाठी बसायचे अंतर पाच-सहा फूट असावे आणि त्रेचाळीस इंचीसाठी सात फुटांच्या आसपास. एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

चपट्या पडद्याच्या आत काय असते?

आपल्या देशात टीव्ही आला तो दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा चित्र काळे-पांढरे होते. रंगीत चित्र १९८२ साली आले.

ते जुने टीव्ही पेटीसारखे असत. आत काचेची मोठी नळी असे. मागच्या टोकाकडून विजेच्या सूक्ष्म कणांचा झोत निघे आणि पुढच्या काचेवर आदळे. काचेला आतून लेप दिलेला असे. झोत लागला की तो लेप उजळे आणि चित्र दिसे. झोताला पसरायला अंतर हवे. म्हणून पेटी खोल असे आणि जाड काचेमुळे जड असे.

नव्या टीव्हीत ही नळी नाही. पडद्याच्या मागे बारीक एलईडी दिवे असतात. ते पांढरा उजेड देतात. त्यांच्यापुढे एक पातळ थर असतो. त्या थरात लाखो सूक्ष्म ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यात तीन झरोके: एक लाल, एक हिरवा, एक निळा. विजेच्या इशाऱ्याने हे झरोके कमी-जास्त उघडतात. जेवढा झरोका उघडेल, तेवढा त्या रंगाचा उजेड बाहेर येतो. तिन्ही पूर्ण उघडले तर पांढरे दिसते. तिन्ही मिटले तर काळे दिसते.

खोटे वाटत असेल तर भिंग घ्या. पडद्यावर पांढरे चित्र असताना भिंगातून जवळून पाहा. पांढरे कुठेच दिसणार नाही. लाल, हिरवे, निळे ठिपकेच दिसतील. मुलांना हे जरूर दाखवा.

आता दुकानातले अवघड शब्द सोपे होतील. 'एचडी रेडी' म्हणजे सुमारे दहा लाख ठिपके. 'फुल एचडी' म्हणजे सुमारे वीस लाख. 'फोर-के' म्हणजे सुमारे ८३ लाख. ठिपके जास्त तर चित्र रेखीव. पण एक मेख आहे. मुळात येणारे चित्रच तेवढे रेखीव हवे. केबलवरून आणि डिशवरून येणारे पुष्कळ चॅनेल फोर-के नसतात. रवा जाडा असेल तर चाळणी कितीही बारीक घ्या, रवा बारीक होत नाही! लहान पडद्यावर सहा फुटांवरून पाहताना हा फरक फारसा जाणवतही नाही. म्हणून ८३ लाख ठिपक्यांना भुलून उगाच जास्त पैसे मोजू नका.

'स्मार्ट टीव्ही' म्हणजे इंटरनेट जोडता येईल असा टीव्ही. घरी इंटरनेट असेल तर त्याचा उपयोग. मोबाइलचे इंटरनेट जोडले तर ते झपाट्याने संपते. चांगल्या प्रतीचे चित्र पाहिले तर एका तासाला एक ते तीन जीबी लागतात. ज्यांना रोज दीड जीबी मिळते, त्यांचे इंटरनेट एका सिनेमात संपेल.

दुकानात काय वाचाल?

परवा ठरल्याप्रमाणे आम्ही तालुक्याला गेलो. दुकानात पन्नास पडदे एकदम चालू होते. कुठे समुद्र, कुठे फुले, कुठे नाच. डोळे दिपून गेले. दुकानात चित्र नेहमीच भडक ठेवतात. ते पाहून टीव्ही निवडू नये. मी काकूंना म्हटले, "काकू, पडद्याकडं नका बघू. खोक्याकडं बघा. वाचा."

काकूंनी चश्मा लावला आणि वाचू लागल्या. काय काय वाचले ते सांगतो.

पहिली, किंमत. खोक्यावर छापलेली किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. कमी मात्र घेता येते. म्हणून दोन-तीन दुकाने फिरा. या किमतीत कर धरलेला असतो. पूर्वी बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवर २८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरही १८ टक्केच कर आहे. तेव्हा "यावर कर वेगळा पडेल" असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका.

दुसरी, ताऱ्यांची चिठ्ठी. विजेच्या वस्तूंवर तारे छापलेली चिठ्ठी असते. तारे जास्त तर वीज कमी. वर्षाला किती युनिट लागतील तो आकडाही तिच्यावर असतो. सारख्या मापाचे दोन टीव्ही शेजारी ठेवा आणि हा आकडा ताडून पाहा.

तिसरी, 'बीआयएस'ची नोंदणी. ही भारतीय मानक ब्यूरोची खूण. तिच्यात इंग्रजी 'आर' अक्षर आणि पुढे आकडे असतात. ही खूण नसलेला बिननावाचा स्वस्त टीव्ही घेऊ नका.

चौथी, जोडणीची भोके. इंग्रजीत 'एचडीएमआय' लिहिलेली भोके किती आहेत ते पाहा. सेट-टॉप बॉक्स तिथेच जोडतात. निदान दोन तरी असावीत.

हप्त्याचा कागद

बत्तीस इंची टीव्हीची किंमत साडेअकरा हजार ठरली. तेवढ्यात दुकानातला मुलगा म्हणाला, "मावशी, तेवीस हजार रोख असते तर हा त्रेचाळीस इंची नेला असतात. पण हप्त्यानं आत्ता न्या ना! चोवीस हजार, बारा हप्ते, महिना फक्त दोन हजार. व्याज शून्य." आणि त्याने कागद पुढे केला. "इथं सही करा."

दोन वर्षांपूर्वी काकूंनी अंगठा दिला असता आणि विषय मिटला असता. पण आता काकू म्हणाल्या, "थांब बाळा, वाचते."

वाचायला त्यांना वेळ लागला. मागे गिऱ्हाइके खोळंबली. मुलगा घड्याळ पाहू लागला. काकू हलल्या नाहीत. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या. एका ओळीवर बोट थांबले. "हे काय? प्रक्रिया शुल्क सातशे. विमा पंधराशे. वाढीव वॉरंटी अठराशे. हे मी कुठं मागितलं?"

आता हिशेब करू. तुम्हीही पाटीवर मांडा.

बारा हप्ते: २४,००० रुपये.
प्रक्रिया शुल्क: ७०० रुपये.
विमा: १,५०० रुपये.
वाढीव वॉरंटी: १,८०० रुपये.
एकूण: २८,००० रुपये.

रोखीची किंमत २३,००० रुपये. म्हणजे पाच हजार जास्त! यात 'व्याज' हा शब्द कुठेही नाही. पण पैसे गेलेच असते. नातीच्या शाळेच्या तीन हजारांहून जास्त गेले असते.

२०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. कोणी तरी पैसे उसने देतो, तेव्हा त्याची किंमत कुठे तरी धरलेली असते. कधी ती शुल्कात असते. कधी रोखीची सूट काढून घेतलेली असते.

हप्ते वाईटच असतात असे नाही. महिन्याची कमाई ठरलेली असेल आणि वस्तू गरजेची असेल, तर हप्ता घ्यावा. पण एक नियम ठाऊक हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून, असे कर्ज देणाऱ्या बँकेने किंवा कंपनीने 'मुख्य तथ्य पत्रक' द्यायचे असते, आणि तेही कर्ज घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत. त्यात वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत आणि सगळी शुल्के लिहिलेली असतात. म्हणून सही करण्यापूर्वी म्हणा, "मराठीतलं पत्रक द्या." ते वाचा. न मागितलेला विमा खोडायला लावा. विमा हवा की नको, हे आपण ठरवायचे.

ज्यांची कमाई रोजच्या मजुरीची आहे, त्यांनी दुहेरी विचार करावा. पाऊस लांबला तर मजुरी थांबते. हप्ता थांबत नाही. हप्ता चुकला की दंड लागतो. ऋण काढून सण करू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले ते उगाच नाही.

काकूंनी कागद परत दिला आणि बत्तीस इंची टीव्ही रोखीने घेतला. साडेअकरा हजार रुपये मोजले. नातीचे तीन हजार पिशवीत तसेच राहिले.

बिल घ्या, जपून ठेवा

"बिल नको असेल तर दोनशे कमी करतो" असे कोणी म्हणाले तर नाही म्हणा. बिल हा आपला पुरावा आहे. बिलावर दुकानाचे नाव, तारीख, टीव्हीचा मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक हवा. अनुक्रमांक खोक्यावर आणि टीव्हीच्या पाठीवरही असतो. तिन्ही जुळतात का ते पाहा.

वॉरंटी म्हणजे ठरलेल्या मुदतीत टीव्ही आपोआप बिघडला तर कंपनीने तो फुकट दुरुस्त करण्याचा करार. मुदत किती आणि कशाकशाची, हे त्या कागदावरच वाचावे. पडदा फुटला, पाणी गेले, परक्या माणसाने उघडला, तर वॉरंटी बहुधा लागू होत नाही. म्हणून कंपनीचा माणूस येईपर्यंत खोका उघडू नका. तो आल्यावर त्याच्यासमोर उघडा. पडद्याला तडा आहे का ते पाहा. भिंतीवर बसवण्याचे पैसे वेगळे आहेत का, हे दुकानातच विचारून ठेवा.

वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल, तर घाबरून गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यावर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बिल मात्र हवे!

टीव्ही कुठे ठेवाल?

आता माझी स्वतःची चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

आमच्या घरी चपटा टीव्ही आला, तेव्हा मी तो खणांच्या टेबलावर ठेवला. खाली सुरेख विणलेला रुमाल घातला. एके दुपारी आमची तीन वर्षांची नात वर ठेवलेला रिमोट घ्यायला गेली. तिने खालचा खण ओढला. त्यावर पाय दिला. हाताने रुमाल धरला. रुमालाबरोबर टीव्ही पुढे झुकला. माझी पत्नी दोन पावलांवर होती म्हणून तिने तो हातावर झेलला. नाही तर तो नातीच्या डोक्यावर पडला असता. शाळेत चाळीस वर्षे मुलांना सुरक्षिततेचे धडे दिले, आणि घरात हे!

जुना पेटीचा टीव्ही जड होता. हलवायचा तर दोन माणसे लागत. नवा टीव्ही हलका, उंच आणि पायात अरुंद. जरा धक्का लागला की कलंडतो. म्हणून हे पाळा:

टेबल रुंद आणि ठेंगणे असावे. टीव्हीखाली रुमाल घालू नका. टीव्हीवर किंवा त्याच्या मागे रिमोट, खेळणी, खाऊ ठेवू नका. टीव्हीच्या पाठीला पट्टा बांधून तो भिंतीला अडकवा. भिंतीवर बसवायचा असेल तर भिंत पक्की हवी. मातीच्या किंवा भुसभुशीत भिंतीत खिळे धरत नाहीत. तिथे टेबलच बरे.

पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर असावा. फार उंच लावला तर मान अवघडते. खिडकीचा उजेड पडद्यावर पडू नये. पूर्ण अंधार करूनही पाहू नये. खोलीत एक दिवा असावा. देवासमोरचा दिवा आणि उदबत्ती टीव्हीजवळ नको. टीव्हीच्या पाठीमागे हवा खेळायला चार बोटे जागा सोडा.

पडदा पुसताना टीव्ही बंद करा. कोरडे, मऊ, सुती फडके घ्या. पडद्यावर पाणी, रॉकेल, स्पिरिट काहीही शिंपडू नका. जोराने दाबू नका.

विजेची काळजी

आपल्या घरात वीज २३० व्होल्टची असते. टीव्हीच्या पाठीवर तो किती व्होल्टपर्यंत चालतो ते लिहिलेले असते. वाचा. तुमच्याकडे वीज फार कमी-जास्त होत असेल, तर जाणत्या वायरमनला विचारून स्टॅबिलायझर घ्या.

तीन दात्यांचा प्लग असेल तर तिसरा दाता मोडू नका. तो अर्थिंगचा आहे. एकाच बोर्डावर टीव्ही, मिक्सर आणि इस्त्री लावू नका.

वळवाच्या पावसाचे ढग जमू लागले, की टीव्हीचा प्लग काढा. सेट-टॉप बॉक्सचा प्लग काढा. डिशची किंवा केबलची वायरही काढा. वीज वायरीवाटेही घरात येते. नुसते रिमोटने बंद करून भागत नाही. मात्र हे काम गडगडाट जवळ येण्याआधी करा. विजा चमकू लागल्यावर वायरींना हात लावू नका.

वीजबिल किती येईल? समजा, टीव्ही ५० वॅटचा आहे आणि रोज पाच तास चालतो. पन्नास गुणिले पाच म्हणजे अडीचशे. हजार झाले की एक युनिट. म्हणजे रोजचे पाव युनिट आणि महिन्याचे साडेसात युनिट. आपल्या बिलावर युनिटचा दर पाहा आणि गुणाकार करा.

टीव्ही बिघडला का?

आठवड्याने काकूंचा फोन आला. "गुरुजी, टीव्ही बिघडला. निळा पडदा दिसतो. काही तरी अक्षरं आलीत."

"कोणती अक्षरं?"

"इंग्रजी आहेत. नात वाचती... नो सिग्नल."

मी म्हटले, "बिघडला नाही. सेट-टॉप बॉक्स चालू आहे का बघा. असेल तर रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' लिहिलेलं बटण आहे. ते दाबा. यादी येईल. आपला बॉक्स ज्या भोकात जोडलाय ते नाव निवडा."

पाच मिनिटांत चित्र आले. चुकून एखादे बटण दाबले जाते आणि टीव्ही दुसऱ्याच भोकाकडे पाहत बसतो. एवढ्यासाठी दुरुस्तीवाल्याला पैसे देऊ नका.

काकूंनी महिन्याचा खर्चही वाचवला. त्यांनी दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' लावली. डिश आणि बॉक्स यांचे पैसे एकदाच पडतात. नंतर दरमहा काही द्यावे लागत नाही. मराठीची 'सह्याद्री' वाहिनी त्यावर आहे. साडेतेरा हजारांत टीव्ही, डिश आणि पट्टा सगळे बसेल असे त्यांना वाटले होते. पण पिशवीत तेराच होते. म्हणून डिश त्यांनी पुढच्या महिन्याच्या मजुरीतून घेतली. त्यातही उधारी नाही.

एक इशारा. "तुमच्या टीव्हीला बक्षीस लागलंय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. टीव्हीच्या पडद्यावर बँकेचा पिन किंवा कार्डाचा क्रमांक कोणी मागितला तरी तो टाकू नका.

टीव्ही पाहुणा, मालक नव्हे

पाहुणा आला की आपण त्याच्याजवळ बसतो, बोलतो, चार गोष्टी ऐकतो. पण पाहुण्यासाठी चूल बंद ठेवत नाही. मुलांचा अभ्यास बंद करत नाही. टीव्हीचेही तसेच असावे.

टीव्हीचे उपकार पुष्कळ आहेत. मुंबई दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाने शेतकऱ्यांना कितीतरी गोष्टी घरबसल्या दाखवल्या. हवामान, बाजारभाव, बातम्या, कीर्तन, नाटक, क्रिकेट सारे घरात येते. म्हाताऱ्या माणसांना सोबत होते. हे सोडायचे नाही. पण वेळ ठरवायची.

तान्ह्या मुलाला पडद्यासमोर बसवून भरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासाहून जास्त दाखवू नये. कमी दाखवला तर अधिक चांगले.

"पण शेजारच्या घरात चालू असतो, मग मुलं ऐकत नाहीत" असे बाया म्हणतात. त्यावर एका गावाने तोड काढली. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ साली त्या गावाने ठरवले की, संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद होतील. दीड तास मुले अभ्यास करतील आणि मोठी माणसे एकमेकांशी बोलतील. साडेआठला पुन्हा भोंगा. एका घराला जे अवघड, ते साऱ्या गावाने मिळून सोपे केले.

काकूंच्या घरी भोंगा नाही. पण त्यांनी एक युक्ती केली. सात वाजले की नातीने वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचायची. मग काकूंनी एक वाचायची. तोवर टीव्ही बंद. नात अडली की काकू हसतात. काकू अडल्या की नात हसते.

जुन्या टीव्हीचे काय?

जुना पेटीचा टीव्ही अंगणात फोडू नका. त्याच्या काचेत शिसे असते. ते माती-पाण्यात जाणे वाईट. आतली नळी फुटली तर काचा जोरात उडतात. नवा टीव्ही घेताना जुना परत घेता का, असे दुकानात विचारा. नाही तर ई-कचरा गोळा करणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या.

लक्षात ठेवा

१. आधी भिंत मोजा, मग दुकान गाठा.
२. पडदा पाहून भुलू नका. खोका वाचा.
३. हप्त्याच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. सगळ्या रकमांची बेरीज करा.
४. बिल आणि वॉरंटीचा कागद जपून ठेवा.
५. टीव्ही पट्ट्याने बांधा. मुलांच्या हाताशी लोंबते काही ठेवू नका.
६. गडगडाट सुरू होण्याआधी प्लग आणि वायर काढा.
७. टीव्हीची वेळ घरच्यांनी ठरवावी, टीव्हीने नव्हे.

दुकानातून परत येताना एसटीत काकू म्हणाल्या, "गुरुजी, आज माझं वाचन पाच हजाराला पडलं!"

मी म्हटले, "पडलं नाही काकू, पाच हजार मिळवून दिले."

प्रश्न

१. बत्तीस इंच हे टीव्हीचे कोणते माप?
२. काकूंच्या हप्त्याच्या कागदावर न मागितलेल्या कोणत्या रकमा होत्या? त्यांची बेरीज करा.
३. तुमच्या घरचा टीव्ही किती वॅटचा आहे? त्याच्या पाठीवर वाचा आणि महिन्याचे युनिट काढा.
४. तुमच्या घरचा टीव्ही धक्का लागून पडू शकेल का? आज घरी जाऊन पाहा आणि उद्या वर्गात सांगा.